शिकाऊ गाडी

२० फेब्रुवारी

प्रिय डबी,

तुझं कार्ड कुठाय? दरवर्षी थंडी सरायच्या आत येतं. त्यावर एकच शब्द असतो, "येतोय", आणि तो वाचला की मी गाद्या उन्हात टाकते. यंदा गाद्या अजून माळ्यावर आणि मी पोस्टमनच्या मागे. तो बिचारा मला लांबून बघून गल्ली बदलतो आता.

फोन का नाही केला म्हणू नकोस. अर्धं आयुष्य आपण टेलिफोन एक्स्चेंजात शेजारी शेजारी बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. मी उंच वाळकी, तू बुटकी गोल, म्हणून सुपरवायझर बाईंनी आपल्याला काडी आणि डबी करून टाकलं ते कायमचं. हेडफोनखाली माझे डावीकडचे केस जे बसले ते अजून उठलेले नाहीत. नोकरी सुटली त्या दिवशीच ठरलंय आपलं, यापुढे कानाला काही लावायचं नाही. शिवाय फोनवर बोललं की कोणीतरी ऐकतंच. आपण नाही का ऐकायचो!

तर पत्रानं विचारते. भावोजी रागावलेत का माझ्यावर? गेल्या खेपेला माझ्याशी बोलताना सारखे खिडकीकडे बघत होते. मी म्हटलं, "मास्तर, मी इकडे आहे," तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही एवढ्या उंच, कुठेही बघितलं तरी दिसताच." हसण्यावारी नेलं मी. पण लागलं गं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पहिली पाटी आमच्या पाट्यांच्या दुकानात रंगली, तेव्हा डबा द्यायच्या निमित्तानं तुला बोलावून त्यांच्याशी गाठ मीच घालून दिली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब टिकलेला कॉल तो. आणि आता माझ्याशीच तोंड फिरवून?

इकडची बातमी म्हणजे कात्री घरी आलीय. लेकीचं नाव कात्री का पडलं ते तुला माहीत आहे, त्या तोंडाला आता कुलूप आहे. दोन बॅगा, एक अक्षरं कापायचं मशीन आणि चेहऱ्यावर काही नाही. नवऱ्याचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. दिवसभर वडलांच्या दुकानात बसते. जेवताना बापलेक अक्षराची गाठ किती जाड असावी यावर भांडतात, तेवढाच घरात आवाज.

आमचे पेंटर बरे आहेत. चहा हल्ली मोठ्या मगातून घेतात, अर्धाच भरून. दोन ओळी लिहा म्हटलं तर म्हणाले, हाताला रंग आहे.

कळव. एक शब्द पुरे.

तुझी काडी


३ मार्च

प्रिय काडी,

यंदा एक शब्द पुरत नाही. चष्मा लाव. घरात कोणी असेल तर मागच्या पायरीवर जाऊन वाच.

ह्यांना दिसत नाही.

म्हणजे अगदी अंधार नाही. गेल्या वर्षीपासून जात जात आता नजरेचा मधला भाग पुरता गेलाय, कडा शाबूत आहेत, असं डॉक्टर म्हणाले. ओल्या चित्राच्या मधोमध कोणी अंगठा फिरवावा तसं. ज्याच्याकडे सरळ बघतील नेमकं तेच नाहीसं होतं. म्हणून गं. तुझा चेहरा दिसावा म्हणून खिडकीकडे बघत होते ते. तोंड कुठे फिरवतायत, तुला बघत होते.

औषध नाही त्यावर. हिवाळ्यात स्कूल बंद केलं. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. चिरंजीवांनाही तेच सांगितलंय, कारण सूनबाईंना जूनमध्ये बाळ व्हायचंय, त्यांच्या डोक्याला आत्ता हे नको. चिरंजीव म्हणतात, मग ती दोन-दोन ब्रेकची गाडी अंगणात कशाला, विकून टाका.

तर आम्ही येणार कसे? गाडी मी चालवणार.

हसून घे.

झालं? ऐक आता. लग्नानंतर ह्यांनी मला शिकवायला घेतलं होतं, आठवतंय? मैदानाला एक चक्कर मारली आणि मी उतरून चालत घरी आले. आठवडाभर अबोला. अख्ख्या गावाला शिकवलं, बायको तेवढी राहिली. पण गेल्या थंडीत मी शिवणक्लास लावला. कुठला ते कळलं ना? चौकापलीकडच्या दुसऱ्या स्कूलमध्ये, ह्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे. खाली उशी घ्यावी लागते, नाहीतर मला रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. पण पास झाले. लायसन्सवरचा फोटो बघशील तर म्हणशील, काय गुन्हा केलास बाई?

पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा हे गुपचूप शेजारी येऊन बसले. चौक आला. मग म्हणाले, "शिवणक्लासात गिअर पण शिकवतात वाटतं." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालंय.

आणि गंमत बघ, बाहेरून कोणाला काही कळत नाही. मास्तरची जागा शेजारचीच की. जन्मभर तिथेच बसले, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. लोक आम्हाला बघून म्हणतात, शेवटी मास्तरांनी बायकोला शिकवायला घेतलंच!

भीती आहे ती पाटीची.

दरवर्षी तुझे पेंटर आमच्या टपावरची पाटी नव्यानं रंगवतात, "शिकाऊ गाडी", आणि त्यात मुद्दाम एक चूक लपवतात. निघायच्या आत ह्यांनी ती शोधायची. सापडली तर पेंटरनं गाडी धुवायची, नाही सापडली तर मास्तरनं. एका वर्षी वरची रेघ केसभर झुकलेली होती. एका वर्षी एकाच अक्षराचा पिवळा रंग जरासा हिरवट. एका वर्षी तर निघेपर्यंत सापडेना, आणि हे गाडीच्या आरशात पाटी उलटी बघून ओरडले होते, तुझी मांजर तेव्हापासून आमच्या गाडीखाली बसत नाही. हरले कधीच नाहीत. पेंटर जगाला सांगत फिरतात, मास्तरच्या डोळ्यातून काही सुटत नाही.

मी म्हटलं, सांगून टाका ना त्यांना, तुमचा एवढा मित्र. तर म्हणाले, "बाकी कोणालाही कळू दे. पेंटरला कळलं तर तो चूक ठेवायचंच बंद करेल. माझी कीव येऊन सरळ पाटी रंगवून देईल. मग मी तिकडे जाऊ कशाला?"

आणि खरंच जायचे नाहीत. मी ओळखते ना. वर्षातून हा एकच रस्ता उरलाय त्यांना. तो बंद झाला की खुर्ची आणि रेडिओ.

म्हणून तुझ्याकडे मागते. चूक कुठे आहे ते मला आधी कळव. मी म्हणेन मलाच दिसली, आणि हळूच त्यांच्या कानात सांगेन. एक्स्चेंजात आपण एवढी गुपितं इकडून तिकडे पोचवली, त्यात हे एक.

येतोय.

डबी

ता. क. मी गाद्यांबद्दल लिहितेय असं ह्यांना सांगितलंय. त्यांनाही एक ओळ लिहायचीय. मार्करनं लिहितात हल्ली, एका ओळीत अर्धं पान जातं.

वहिनी गाद्या उन्हात टाका. मास्तर


९ मार्च

प्रिय डबी,

मागच्या पायरीवर वाचलं. मग तिथेच बसून राहिले. दूध उतू गेलं, कात्री ओरडली, तरी उठवेना. मी वर्षभर रुसून बसले आणि तो माणूस मला बघायला खिडकीकडे बघत होता.

(इथे चार ओळी खोडल्यात. उजेडाला धरून बघू नकोस, दोनदा खोडल्यात.)

पाटीचं सांगते. "ऊ"च्या शेपटाचं टोक. बाकी सगळी टोकं गोल आहेत आणि ते एक तिरकं कापल्यासारखं आहे. जराच, पण आहे. भावोजींना आल्या आल्या बोलू देऊ नकोस. एक दिवस तरी शोधल्यासारखं करू दे, नाहीतर ह्यांना संशय येईल.

आणि यंदा दुकानात बसायचं नाही हं, अंगणात बसू. दुकानात कात्रीच्या मशीनचा पसारा आहे, पाय ठेवायला जागा नाही.

गाद्या टाकल्यात. उशी तुझी तूच आण.

काडी


२२ मार्च, गाडीतून

प्रिय काडी,

हे पत्र वाटेत पेटीत टाकणार आहे. तुला मिळेल तेव्हा मी बहुतेक तुझ्यासमोर चहा पीत बसलेली असेन. माझ्यासमोरच वाच. मी दुसरीकडे बघेन.

पेट्रोल पंप. हे उतरून हातपाय मोकळे करतायत. पंपावरचा माणूस म्हणाला, "काय मास्तर, विद्यार्थिनी कशी आहे?" हे म्हणाले, "क्लच जरा जास्त दाबते, बाकी घरचीच आहे." अक्षर हलतंय कारण मी स्टिअरिंगवर वही ठेवून लिहितेय.

पुढे. एका झाडाखाली. सगळीकडे पालवी फुटलीय, इतकी कोवळी की उन्हात पान आहे की उजेड आहे ते कळू नये. हे विचारतात, "वळणावरचं झाड फुललं का?" कुठलं वळण? "चहाच्या टपरीच्या अलीकडचं." टपरी केव्हाच गेली. झाड आहे. फुललंय, म्हटलं. "गुलाबी ना?" हो. "आपण पहिल्यांदा आलो तेव्हा तुझ्या डोक्यात पडली होती त्याची फुलं, तू झटकून टाकलीस." मला तर आठवत नाही गं. मी उतरले, एक फूल आणून त्यांच्या हातात ठेवलं. ते डॅशबोर्डवर आहे आता, सुकेल.

आणखी पुढे. ऐक. सरळ रस्ता, छान वेग, आणि अचानक ह्यांनी ब्रेक दाबला. दुसरा, त्यांच्या पायाखालचा. गाडी जागच्या जागी. मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी ओरडले, "काय झालं?" तर शांतपणे म्हणतात, "फाटक." कसलं फाटक! रेल्वेचा रूळच उखडलाय तिथला, मुलं सायकली चालवतात त्यावर. पण काडी, हे मान वळवून ऐकत बसले होते, गाडी येतेय का म्हणून. समोरचा रस्ता दिसत नाही ना. आठवणीतला दिसतो.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबले. थोड्या वेळानं विचारलं, "गेली का गाडी?" ते म्हणाले, "मालगाडी आहे, जाऊ दे सावकाश."

मग त्यांच्या लक्षात आलं बहुतेक. पण आम्ही दोघांनी मालगाडी जाऊ दिली.

आता चढ आहे. इंजिनाच्या आवाजावरून सांगतात, "दुसरा टाक." बरोबर असतं नेहमी.

डबी


४ एप्रिल

प्रिय डबी,

उशी विसरलीस. खुर्चीवर आहे. मांजर बसते तिच्यावर, आता तिचीच म्हण. घरी कशी गेलीस, आभाळ बघत?

किती छान पार पडलं ना सगळं! अंगणात पाटी टेबलावर, भावोजी तिच्याभोवती फिरतायत, नाक लावतायत, भुवया उडवतायत. काय नाटकी माणूस आहे तुझा. आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवून एकदम, "पेंटर, 'ऊ'चं शेपूट! तिरकं कापलंयस." ह्यांचा चेहरा बघितलास? मी तर तुझ्याकडे बघायचं टाळत होते, हसू फुटलं असतं. ह्यांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा भावोजींकडे, मग म्हणाले, "सापडलं बुवा. हरलो." आणि गाडी धुवायला घेतली. मास्तर पाइप धरून, हे बादली घेऊन. म्हातारे इतके भिजले की कात्री चक्क हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. खिडकीतून म्हणाली, "बाबा, गाडी धुताय की मास्तरकाकांना?" तो आवाज ऐकायला मी कधीची थांबले होते. तुम्ही दर महिन्याला या.

तुम्ही गेल्यापासून हे मात्र दुकानात बसून असतात. दार लावून. वसंतात होतं असं, पाहुणे गेले की घर मोठं वाटतं.

तुमची पाटी टपावर बसली ना नीट?

काडी


९ एप्रिल

प्रिय काडी,

पाटी टपावर नाही. ह्यांच्या मांडीवर आहे.

परत येताना अर्ध्या वाटेत म्हणाले, गाडी थांबव, पाटी काढून दे. मला वाटलं वाऱ्यानं सैल झाली. दिली काढून. मग घरापर्यंत मांडीवर घेऊन बसले आणि बोटं फिरवत राहिले. मी म्हटलं, "झालं की आता, जिंकलात ना?" तर म्हणाले, "ही पाटी पेंटरनं रंगवलेली नाही."

म्हणाले, त्याचा ब्रश अक्षराच्या शेवटी जरा थांबतो, तिथे रंगाचा एक थेंब फुगतो. दरवर्षी असतो. हात लावला की कळतं. इथे काहीच नाही. चिकटवलेला कागद आहे नुसता, कडेला नख लागतं.

मी म्हटलं, तुम्हाला कधी कळलं? तर म्हणे टेबलावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हाच. आणि गाडी धुताना पेंटरच्या हातातला पाण्याचा मग बादलीच्या काठावर वाजत होता. टकटकटकटक. "पाणी घेताना त्याचा हात थरथरतो, गं. भिजलो आम्ही ते मस्तीनं नाही. त्याला पाणी धरून ठेवता येईना."

मग तुम्ही ते शेपटाचं का बोललात? तर म्हणाले, "तू कानात सांगितलंस म्हणून. आणि वाटलं, मी चूक काढली की तो म्हणेल, अरे मास्तर, ही माझी नाहीच. सांगेल मला. तर तो म्हणाला हरलो. मग मी काय बोलणार?"

काडी, घरी परत आल्यापासून ते त्या खुर्चीतून उठलेले नाहीत. रेडिओ पण लावत नाहीत. चिरंजीवांचा फोन आला तर म्हणाले, गाडीचं काय ते बघ तू. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पेंटर रंगवत नाही, मला दिसत नाही. कशाला जायचं एवढं लांब? एकमेकांना फसवायला?"

खरं काय ते सांग. पाटीवर ते तिरकं टोक होतं का? मी उन्हात नेऊन बघितलं. मला तरी दिसत नाही. आणि माझे डोळे चांगले आहेत.

डबी


१५ एप्रिल

डबी,

नव्हतं.

टोक नव्हतं, चूक नव्हती. पाटी कात्रीनं मशीनवर केली. मशीन थोडंच चूक करतंय.

ह्यांचा हात गेल्या वर्षापासून हलतो. आधी नुसता चहा सांडायचा, मग रेघ सांडायला लागली. डॉक्टर म्हणतात कमीजास्त होईल, जाणार नाही. गिऱ्हाइकांना सांगत नाहीत, कात्री करते सगळं, हे शेजारी बसून अक्षरं सांगतात. मला शपथ घातलीय, मास्तरला कळता कामा नये. त्या पत्रात खोडलेल्या चार ओळी ह्याच होत्या.

मग तुझं पत्र आलं. तुला चूक हवी होती. नाही म्हणाले असते तर का नाही ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी आपली एक चूक बनवून पाठवली. एवढंच, की मला वाटलं, भावोजी बोट ठेवतील, हे लाजेनं हो म्हणतील, दोघांचं झाकलेलं झाकलेलं राहील. ऑपरेटर होते ना मी. वाटलं, जोडून देऊ, बाकी त्यांचं ते बोलतील.

पण तुम्ही गेलात त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "मास्तरला दिसत नाही." मी एकच ताट तीनदा घासलं. म्हणाले, "जिथे काही नाही तिथे त्यानं चूक काढली. मास्तर असं करणारा नाही. त्याला दिसत असतं तर म्हणाला असता, ही तुझी नाही." मग माझ्याकडे बघून, "पण नेमकं 'ऊ'चंच शेपूट कसं सुचलं त्याला?"

सगळं सांगितलं. तुझंही. तुझा विश्वास मोडला मी, हवं तर भांड माझ्याशी, पण तोंडावर येऊन भांड.

ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तो एवढा लांब आला, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, माझी चूक शोधायला. आणि मी त्याला चूक पण दिली नाही."

तेव्हापासून दार लावून बसतात दुकानात. कात्रीलाही आत घेत नाहीत. तिनं विचारलं, "मदत करू?" तर म्हणाले, "तू सरळ करशील सगळं. नको."

गाडी विकू देऊ नकोस. एवढं ऐक माझं.

काडी


१८ मे

डबी,

सोबत पार्सल. उघडताना सुतळी काप, ओढू नकोस. रंग पुरता वाळलाय असं हे म्हणतात पण मला खात्री नाही, तीन-तीन हात दिलेत.

निरोप असा, नियम तोच. चूक एकच आहे. मला विचारू नकोस, मलाही सांगितलेली नाही, आणि ह्या खेपेला मी बनवलेलीही नाही.

कात्री म्हणते मास्तरकाकूंना सांग, शिवणक्लास मलाही लावायचाय.

काडी


२६ मे

प्रिय काडी,

पार्सल उघडलं आणि मी आधी तोंडावर हात ठेवला. काय ती अक्षरं गं! सगळी हलतायत. जसं काही पाटी रंगवताना खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी चालली होती. वरची रेघ लाटेसारखी. मी मनात म्हटलं, आता ह्यात एक चूक कशी शोधायची, सगळीच तर आहे.

ह्यांना काही न बोलता पाटी हातात दिली. पायरीवर ऊन होतं तिथे बसले. आधी नुसता तळवा ठेवला. मग बोटं. रंग इतका जाड दिलाय की अक्षर उठून आलंय, बाकी कोणाला नुसतं बेढब दिसेल. एका अक्षराच्या टोकाशी जाऊन थांबले. "थेंब आहे," म्हणाले.

मग म्हणाले, "म्हणजे त्याला कळलंय." मी म्हटलं, हो. "माझं?" हो. "कधीपासून?" तेव्हापासूनच. मला वाटलं आता पाटी बाजूला ठेवतील. तर विचारतात, "आणि तरी चूक ठेवलीय म्हणतो?"

एकच, म्हटलं. नियम तोच.

काडी, सगळी दुपार त्यांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. जेवायला बोलावलं तर हात वर केला, शिकवताना करायचे ना तसा, थांब म्हणून. "शि"वरून गेले, परत आले. पुटपुटत होते, "इथे हलला. इथे दमला. इथे ब्रश बदलला बघ." ऊन पायरीवरून खाली अंगणात गेलं तसे हेही सरकत खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. आणि मग एकदम हसण्याचा आवाज आला. तसा आवाज ह्या घरात कधीचा नाही. मी धावत गेले तर पाटीवर बोट ठेवून बसलेत आणि डोळ्यांतून पाणी. "लबाड," म्हणाले. "सगळी वाकडी काढलीस आणि एक ओळंब्याला लावल्यासारखी सरळ. त्या हातानं! किती दिवस लागले असतील ह्या एका रेघेला त्याला!"

मग म्हणाले, मार्कर आण.

चिरंजीवांना सगळं सांगितलं. चिडले आधी, इतके दिवस लपवलंत म्हणून. मग म्हणाले, बाळ झालं की आई तूच आणशील ना आम्हाला स्टेशनवरून? पाटी टपावर बसवलीय. लोक बघतात आणि लांबूनच गाडी चालवतात आमच्यापासून, इतकी भयंकर दिसते ती. पुढल्या वसंतापर्यंत थांबायचं नाही म्हणतात हे. बाळ बघून झालं की निघू. फाटकापाशी थांबून येऊ.

कात्रीला म्हणावं, उशी तुझ्याकडेच आहे, ती घेऊन बस.

डबी

खालचं पेंटरना दाखव. पानभर आहे, त्यांना चष्मा लागायचा नाही.

पेंटर

"गा"चा काना

सरळ आहे.

बादली भर.